साडूंचं डॉकिंग स्टेशन, सासूबाईंच्या साक्षीने

आदरणीय साडूभाऊ यांस,
सप्रेम नमस्कार.

आधी ताजी बातमी, मग खुशाली. तुम्ही दिलेलं डॉकिंग स्टेशन चालतं. काल सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जोडलेले दोन्ही मॉनिटर उजळले. या वृत्ताला आपल्या दोघांच्या सासूबाईंनी दुजोरा दिला आहे. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली, आधी डावा पडदा पाहिला, मग उजवा, आणि "दोन आहेत" एवढं सांगून त्या चहा टाकायला गेल्या.

आता खुशाली. आम्ही इकडे ठीक आहोत. तुमची कंबर कशी आहे? मागच्या भेटीत तुम्ही ते मोठं कपाट एकट्यानं सरकवलंत. मी "थांबा, मी आलोच" असं म्हणत सोफ्यावरून उठेपर्यंत कपाट सरकलेलं होतं आणि तुम्ही कंबरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत होतात. तेव्हापासून चौकशी करायची राहून गेली आहे. तुमच्या सौ.चा, म्हणजे ताईंचा, घसा बरा असावा. (असावा म्हणतो, कारण गेले अठरा दिवस त्या घशाचा आवाज आमच्या घरात ऐकू आलेला नाही.)

मी पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. काल मॉनिटर उजळल्याबरोबर मी कुटुंबाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकायला फोन हातात घेतला होता. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, काय करतोयस. म्हटलं, चाललं म्हणून कळवतो. त्या म्हणाल्या, "जे पडद्यावर लिहून बिघडवलंस ते कागदावर लिहून नीट कर. कागदावर माणूस जरा जपून लिहितो." म्हणून हा कागद. आमच्या घरात पेनं पुष्कळ, पण माझ्या कामामुळे सगळी लाल. तुमच्या मेव्हणीनं, म्हणजे आमच्या हिनं, मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानातून निळं पेन आणून दिलं. लाल शाईत माफी शोभत नाही, म्हणाली. (माफी हा शब्द तिचा. पत्राचा विषय अजून ठरलेला नाही.) पत्र पाकिटात जाण्याआधी आईंना वाचून दाखवायचं आहे, हीही अट आहे. तेव्हा मधेच कुठे माझा सूर एकाएकी नम्र झालेला दिसला तर तिथे त्या खाकरल्या होत्या असं समजावं.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण त्याशिवाय पुढची फजिती कळायची नाही. औषधाच्या खोक्यात जो बारीक अक्षरांचा, आठ घड्यांचा कागद असतो आणि जो लोक खोकं उघडताना आधी फेकतात, तो मी वाचतो. दोनदा वाचतो. जुना कागद डावीकडे, नवा उजवीकडे, आणि काय काय बदलायचं होतं त्याची यादी मधे. या तीन गोष्टी एकाच छोट्या पडद्यावर बघायच्या म्हणजे डावीकडचं "जेवणाआधी" डोक्यात धरून ठेवायचं, पान बदलायचं, आणि उजवीकडे "जेवणानंतर" तर झालं नाही ना ते शोधायचं. मधे दाराची बेल वाजली की डोक्यात धरलेलं सांडतं. तुमच्याकडे आलो होतो तेव्हाही मी लॅपटॉपच्या पडद्यावर अंगठा ठेवून ओळ धरून बसलो होतो. ते तुम्हाला बघवलं नाही. तुम्ही उठलात, कपाट सरकवलंत आणि त्याच्या मागच्या खणातून हे काळं खोकं काढून माझ्या हातात दिलंत. लॅपटॉपमधून एकच वायर या खोक्यात जाते, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस सगळे या खोक्याला लागतात, असं तुम्ही समजावलंत. मी विचारलं, काही करावं लागतं का. तुम्ही म्हणालात, लावलं की झालं.

साडूभाऊ, तुमचा धंदा लिफ्टचा. तिथे बटण दाबलं की माणूस वर जातो, हे मला मान्य आहे. पण लिफ्टला एकच दार असतं. या खोक्याला पुढे चार भोकं, मागे सात, आणि त्यांतली तीन दिसायला इतकी सारखी की जुळ्यांच्या आईलासुद्धा चष्मा लागावा. मी सगळं लावलं. कीबोर्ड चालला. माउस चालला. लॅपटॉप चार्ज होऊ लागला. खोक्याच्या कपाळावर हिरवा दिवा लागला. फक्त ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते दोन मॉनिटर तेवढे काळेच राहिले. दोघांवर "सिग्नल नाही" अशी एक चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राही आणि मिनिटभरानं दोघंही झोपी जात. मी वायर काढून लावली की जागे होत, चौकट फिरवत, परत झोपत. सरकारी कचेरीत दुपारी तीन वाजता गेल्यासारखं वाटे.

मग मी रीतसर तपासणीला लागलो. (इथे आई खाकरल्या. पण तपासणी खरोखर रीतसर होती.) दोन्ही मॉनिटर एकेक करून त्यांच्या स्वतःच्या वायरींनी सरळ लॅपटॉपला लावले. दोन्ही चालले. म्हणजे मॉनिटर निर्दोष. मग लॅपटॉप काखेत मारून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा माणूस बोलताना गिऱ्हाइकाकडे कधी बघत नाही, त्याच्या हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघतो, त्यामुळे तो आपलं निदान सांगतोय की स्क्रूचं, हे कळत नाही. त्यानं माझा लॅपटॉप त्याच्या दुकानातल्या डॉकिंग स्टेशनला लावला. त्याचे दोन्ही पडदे एका क्षणात लागले. म्हणजे लॅपटॉप निर्दोष. तुमचं खोकं मी बरोबर नेलं नव्हतं, कारण त्याला सात वायरी लागलेल्या होत्या आणि त्या काढल्या तर परत कुठे लावायच्या हे मला आठवलं नसतं. दुरुस्तीवाला स्क्रू-ड्रायव्हरला म्हणाला, जुळत नसेल, सगळी खोकी सगळ्यांशी जुळत नाहीत. आणि त्यानं मला दोन जोडण्या विकल्या, ज्यांचं एक तोंड रुंद आणि एक अरुंद आहे. त्या अजून कशालाही लागलेल्या नाहीत.

आता तुम्हीच सांगा. मॉनिटर निर्दोष, लॅपटॉप निर्दोष, उरलं कोण? एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधतोय. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो, की यादीत आहे ते सगळेच तपासतात, यादीत काय नाही ते तपासा. एका कागदावर औषधाचं नावच चुकलेलं होतं आणि पाच जणांच्या नजरेतून सुटलं होतं, कारण नाव कोण तपासतो? तर माझ्या यादीत लॅपटॉप होता, मॉनिटर होते, खोकं होतं. वायर नव्हती. वायर ही मला वस्तू वाटलीच नाही. ती दोन वस्तूंच्या मधली जागा वाटली.

त्यामुळे अठरा दिवसांपूर्वी सकाळी सव्वादहाला मी ग्रुपवर जे टाकलं ते तुम्हाला पाठ असेल, पण आईंचा आग्रह आहे की ते इथे पूर्ण उतरवावं: "तपासणीअंती असे आढळले की, साडूभाऊंकडून प्राप्त झालेले डॉकिंग स्टेशन सदोष आहे. लॅपटॉप व मॉनिटर निर्दोष आहेत. सर्वांच्या माहितीसाठी." सोबत तीन फोटो. माझ्या मनात काहीही नव्हतं हो. एकवीस वर्षं असंच लिहितोय. मला घरातलं दूध नासलं तरी "तपासणीअंती" म्हणावंसं वाटतं. ग्रुपवर चौदा माणसं आहेत, त्यांत मावससासरे धरून तिघं असे आहेत की ज्यांनी डॉकिंग स्टेशन हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचला, आणि तो "सदोष" या शब्दाशेजारी.

तुम्ही नुसता अंगठा दाखवलात. माणसानं चार शब्द सुनवावेत, मन मोकळं होतं. अंगठ्याचं काय करायचं? मी तो मोठा करूनही पाहिला. मग ताईंनी लिहिलं, "फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी निदान पचवायला शिकावं." मी उत्तर तयार करत होतो, शांतपणे, मुद्देसूद. तेवढ्यात तुमच्या मेव्हणीनं माझ्या आधी लिहिलं, "पचण्यासारखं दिलं तर पचवू." मावससासऱ्यांनी संध्याकाळी एका फुलाचा फोटो टाकला, त्यालाही कुणी काही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून चार वाजताचा फोन बंद. तुमच्या घरी तो कुठल्या खोलीत होतो माहीत नाही. आमच्याकडे मागच्या खोलीत होतो, जिथे आई पडलेल्या असतात. वाळलेले कपडे त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी ओतायचे, फोन उशीवर उताणा ठेवून आवाज मोठा करायचा, आणि "काय करतेयस?" पासून सुरुवात करून दोघी बहिणींनी पाऊण तास बोलत कपड्यांच्या घड्या घालायच्या, हा बारा वर्षांचा रिवाज. आता घड्या अकरा मिनिटांत होतात. उरलेली चौतीस मिनिटं तुमची मेव्हणी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहते आणि मी काम करताना बघते. पहिल्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. दुसऱ्या आठवड्यात रंगाप्रमाणे. मागच्या शुक्रवारी चारला पाच कमी असताना तिनं फोन उचलला, ताईंचं नाव काढलं, पदरानं पडदा पुसला आणि फोन परत ठेवला. मी हे पाहिलं ते तिला माहीत नाही. (आता आईंना वाचून दाखवताना तिलाही ऐकू जाऊन कळेल. कळू दे.)

आणि येत्या रविवारी एक तारीख. ठरल्याप्रमाणे आईंचे तुमच्याकडचे सहा महिने सुरू. सोमवारी पाहिलं तर त्यांची बॅग पलंगावर उघडी, आणि रिकामी. मी विचारलं, भरायला मदत करू का. त्या म्हणाल्या, "दोघी बोलत नसताना मी इथून तिथे गेले तर तिचा निरोप हिला आणि हिचा तिला. मी एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते रे, पोस्टमन नव्हते." आणि बॅगेचं झाकण न लावता त्या पेपर वाचत बसल्या.

काल सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, ते खोकं दाखव. मी त्यांना तपासणीचा सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांनी हातानं थांबवलं. एक्स्चेंजमध्ये त्या ज्या फळीसमोर बसत तिथे शेकडो भोकं आणि डझनावारी दोऱ्या असत. (कॉर्डला आई अजून दोरीच म्हणतात.) एका गिऱ्हाइकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात गेली तर कुणाचं तरी लग्न मोडायचं, अशी जबाबदारी. त्यांनी खोक्याभोवती एक फेरी घातली आणि मला सांगितलं, "तक्रार आली की आधी दोरी बघायची, मग भोक, मग लाइन, आणि सगळ्यात शेवटी माणूस. तू माणसापासून सुरुवात केलीस."

मी टेबल पुसायला घेतलं.

मग त्यांनी लॅपटॉप आणि खोकं यांच्यामधली वायर दोन बोटांत धरली. पांढरी, नाजूक, जानव्यासारखी. खोकं काळं, त्याची विजेची वायर काळी आणि करंगळीएवढी जाड. काळ्या खोक्याला ही पांढरी दोरी कुणी दिली, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना दहा मिनिटं समजावलं की रंगाला अर्थ नसतो, हल्ली सगळ्या वायरींची तोंडं सारखी असतात, आणि तोंड बसलं म्हणजे वायर चालतेच. पाहा, लॅपटॉप चार्ज होतोय, माउस चालतोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तोंड सारखं म्हणून बोलणं सारखं असतं होय? माझ्या दोन मुली बघ."

मला खालच्या मजल्यावर पिटाळण्यात आलं. तिथे एक आर्किटेक्ट बाई राहतात, त्यांच्याकडे मोठा मॉनिटर आहे. त्यांनी आपली जाड वायर काढून दिली आणि दाराशीच दोन वाक्यांत समजावलं, जे मला दुरुस्तीवाल्यानं स्क्रू-ड्रायव्हरकडे न बघता सांगितलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं: फोनबरोबर येणारी साधी वायर वीज वाहते, थोडंफार बोलणंही वाहते, पण चित्र वाहायची तिच्यात ताकद नसते. चित्रासाठी आतून वेगळी वायर लागते. बाहेरून तोंड तेच.

वायर लावली. पाच सेकंद काही नाही. मी म्हणणारच होतो, बघा. आणि उजळले. दोन्ही. डावीकडे जुना कागद, उजवीकडे नवा, आणि पहिल्याच नजरेत मला उजवीकडे एक स्वल्पविराम जास्त दिसला. साडूभाऊ, पाणी आलं हो डोळ्यांत. (इथे आई खाकरल्या नाहीत.)

तर सारांश असा, की तुमचं खोकं निर्दोष आहे, मॉनिटर निर्दोष आहेत, लॅपटॉप निर्दोष आहे, तुम्ही तर मुळातच निर्दोष, आणि वाटेत कुठेतरी वायर बदलली गेली. आपण दोघांनी मिळून ग्रुपवर "वायरीच्या अदलाबदलीमुळे गैरसमज झाला" असं एक छोटंसं निवेदन टाकावं आणि विषय संपवावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ताईंना नमस्कार. कंबरेला शेक द्या, जड उचलू नका.

तुमचाच,
साडू

ता. क. आईंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटच्या परिच्छेदाशी थांबवलं आणि विचारलं, वाटेत म्हणजे कुठे, आणि बदलली गेली म्हणजे कुणी बदलली. तेव्हा लिहितो. त्या दिवशी निघायच्या आधी माझा फोन मरायला टेकला होता. तुम्ही खोकं घालून दिलेल्या पिशवीतून, या खोक्याबरोबरची जाड काळी वायर काढून मी तुमच्या जेवणाच्या टेबलामागच्या चार्जरला लावली. तिथे आधी तुमची पांढरी वायर होती. जाड वायरीनं फोन लवकर भरेल असं वाटलं म्हणून ती काढून ठेवली. निघताना गडबडीत पांढरी पिशवीत टाकली आणि काळी भिंतीलाच राहिली. म्हणजे तुम्ही कंबर दुखवून मला वस्तू दिलीत, मी तिची अर्धी वस्तू तुमच्याच घरी विसरलो, तुमच्या फोनची वायर पळवली, आणि वर चौदा माणसांत तुम्हाला सदोष ठरवलं. माझं चुकलं. मला माफ करा. हे मी ग्रुपवरही लिहीन, फोटो न जोडता, आणि "तपासणीअंती" न म्हणता. पांढरी वायर गुंडाळून आईंच्या बॅगेत ठेवली आहे. आर्किटेक्ट बाईंना त्यांची वायर शनिवारी परत हवी आहे. तेव्हा रविवारी आईंना न्यायला याल तेव्हा काळी वायर तेवढी आठवणीनं आणा. खरं म्हणजे हे एवढंच मागायला पत्र लिहायचं होतं.

ता. क. २. वरचं ऐकून आई म्हणाल्या, ती काळी वायर ताईंच्या स्वयंपाकघरात आहे, ताई तिच्यावर फोन चार्ज करतात, आणि काठीसारखी ताठ आहे म्हणून कुरकुरतात. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. तर म्हणे भांडणाच्या तिसऱ्याच दिवशी ताईंनी त्यांना फोनवर सांगितलं होतं, की आमची पांढरी नाहीशी झाली आणि ही कुणाची काळी आली कळत नाही. आईंचा आणि ताईंचा फोन रोज सकाळी चालूच होता, मी अंघोळीला असताना. म्हणजे पंधरा दिवस या बाईंना सगळं ठाऊक होतं, आणि काल ते चष्मा पुसणं, ती फेरी, ते काळं-पांढरं! मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, "बारा वर्षांनी मला दुपारी झोप लागत होती. म्हटलं, आणखी थोडे दिवस लागू दे." मग मात्र बॅग रिकामी बघून त्यांनाच करमेनासं झालं. आज सकाळी त्यांनी ताईंना फोन करून इथवरचं सगळं सांगून टाकलं आहे. म्हणजे हे पत्र शुक्रवारी तुमच्या हातात पडेल तेव्हा यातली एकही गोष्ट तुम्हाला नवीन नसेल. मी म्हटलं, मग पाठवू कशाला. तर म्हणाल्या, बातमी फोननं जाते, माफी जात नाही.

ता. क. ३. हे आईंना वाचून दाखवलेलं नाही. दोन्ही पडदे लागले खरे, पण डावा-उजवा उलटा लागला आहे. माउस डावीकडे ढकलला की तो डाव्या काठातून नाहीसा होतो आणि उजव्या मॉनिटरच्या उजव्या काठातून परत येतो. कालपासून मी असाच काम करतोय, दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखा. दोन क्लिकचं काम आहे, मला येतं. पण आईंनी हात लावू दिलेला नाही. थोरल्या जावयाला यायला काही निमित्त हवं, म्हणाल्या, नुसती म्हातारी न्यायला कोण उत्साहानं येतो. तेव्हा रविवारी तुम्ही ते नीट करा. मी शेजारी उभा राहून "असं होय!" म्हणेन. तुम्हीही आपल्याला काही माहीत नाही असं दाखवा.

आत्ता चारला तीन मिनिटं कमी आहेत. वाळलेले कपडे मागच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी ओतलेले आहेत, फोन उशीवर उताणा आहे, आणि तुमची मेव्हणी पहिलाच टॉवेल हातात धरून त्याच्याकडे बघत बसली आहे. आई आपली दुसरी उशी आणि पेपर घेऊन पुढच्या खोलीत माझ्या सोफ्यावर आल्या आहेत.